मसाई पठारावरच्या मामांना

मामा, रामराम.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. म्हाळुंगे, कुंभारवाडी, खोतवाडी भागातल्या कुणाच्या वाचनात आलं, तर मसाईवर म्हसरं चारणाऱ्या, डोक्यावर घोंगड्याची खोळ आणि कमरेला सुतळीचा गुंडा असणाऱ्या मामांना एवढं वाचून दाखवा.

आषाढातला शनिवार होता. पन्हाळा ते पावनखिंड चालायचं माझ्या लेकीच्या मनात दोन वर्षं होतं. ती आता सातवीत आहे. पहाटेच कोल्हापुरातून निघालो, गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हात जोडले आणि राजदिंडी या गडाच्या छोट्या दरवाजाच्या वाटेनं खाली उतरलो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते याच बाजूनं. महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीदांचं सांगताना माझा आवाज भरून आला आणि लेक पुढचा बराच वेळ काही बोलली नाही. तुरुकवाडी, म्हाळुंगे तशीच मागं पडली.

मसाई देवीच्या देवळापर्यंत सगळं ठीक होतं. पुढं धुकं उतरलं. पठार म्हणजे एक मोठं माळरान, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात एका सपाटीला लागून दुसरी, तिच्या पुढं तिसरी. सगळीकडं तोच जांभा, तीच पाण्याची डबकी, तेच गवत. दहा पावलांवर असलेली लेक दिसेना, तेव्हा मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. त्यात तिच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पाऊल टाकलं की चिखलात राहायला लागला. ती रडली नाही, पण ओठ घट्ट मिटलेले मला दिसत होते.

तेवढ्यात गळ्यातल्या घंटांचा आवाज आला आणि पाठोपाठ तुमची हाक. "आगं, हिकडं कुठं निघालाय? ही म्हसरांची वाट हाय, म्होरं कडा हाय!"

मामा, ती हाक अजून कानात आहे.

तुम्ही आधी लेकीला दगडावर बसवलं. सुतळीचे दोन पदर केले, टाचेमागून घेऊन तळव्याखाली आडवे टाकले, वर आणून पुन्हा एक वेढा, आणि गाठ घोट्याच्या बाहेरच्या अंगाला मारली. "तळाला गाठ आली तर टोचती," म्हणालात. मग म्हसरं बरोबरच्या पोराकडं सोपवली आणि कुंभारवाडीच्या उतारापर्यंत पुढं चालत राहिलात. जांभ्याच्या कुठल्या खडकावर शेवाळ आहे, कुठल्या ओघळात पाय टाकायचा नाही, हे काठी टेकवून दाखवत होतात. परत जायला तुम्हाला तेवढीच चाल होती, तीही भर पावसात. मी पैसे पुढं केले तर तुम्ही हात मागं घेतलात. "खिंडीत पोचलासा की सांगा तेवढं," एवढंच म्हणालात.

त्या दिवशी उरलेली चाल म्हणजे खोतवाडी, मांडलाईवाडी आणि संध्याकाळी करपेवाडी. शेतांत रोपलागण चालली होती, बांधावरून जाताना बायका हात करत होत्या. सुतळी तसूभर हलली नाही. इतिहास मी आयुष्यभर वाचला, लेकीलाही वाचून दाखवला. पण त्या रात्री सहाशे माणसं या चिखलातून, अंधारातून कशी गेली असतील, हे मला तुमच्या मागं चालताना उमगलं. वाट पायाखालची असलेली माणसं बरोबर असल्याशिवाय हे झालंच नसणार. ती माणसं कोण होती, त्यांची नावं काय, हे मला कुठं वाचायला मिळालेलं नाही. म्हणून तर तुमचं नाव विचारलं नाही याची इतकी रुखरुख लागलीय.

मामा, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पावनखिंडीत पोचलो. लेकीनं पाण्यात हात बुडवून कपाळाला लावला आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, मामांना सांगायचंय."

तेच सांगतेय. पोचलो. सुतळी धुऊन, वाळवून ठेवलीय. पाऊस ओसरला, पठारावर फुलं आली की दोघी येतो आणि तुमच्या हातात देतो.

तुमची,
कोल्हापूरची एक भाची