चासी जीपची, इंजिन मॅटाडोरचं, आरसी कुणाची?

प्रति,
मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

लग्नसराईत परभणीपासून धाराशिवपर्यंत कुठल्याही वरातीत एक उघडी गाडी दिसते. लांब बॉनेट, बाहेर आलेले हेडलाइट, दाराखाली फूटबोर्ड, मागे टांगलेली स्टेपनी. लोक तिला बिनदिक्कत 'विंटेज' म्हणतात. वाकून खाली पाहिलं की जीपचे कमानपाटे दिसतात, नाहीतर पद्मिनीचा मागचा एक्सल. वरची बॉडी फायबरची.

यात लाजण्यासारखं काही नाही. परदेशात याच पद्धतीला किट कार म्हणतात. बॉडीचा संच विकत घ्यायचा आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल एखाद्या जुन्या गाडीतून, म्हणजे 'दाता-गाडी'तून काढायचे. फोक्सवॅगन बीटल यासाठी सगळ्यांची आवडती, कारण बोल्ट सोडले की तिची बॉडी उचलून निघते आणि चालती चासी, म्हणजे चाकं-इंजिन धरणारा सांगाडा, खाली शिल्लक राहते. आपल्याकडे हे काम जीप, फियाट-पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांनी केलं. यातल्या काही गाड्या आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्यात. त्यांची नीट नोंद व्हावी आणि तपासणी करणाऱ्याला नेमकं काय पाहायचं ते ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट आधीच कबूल करतो. जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, खासगी वापराची, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. दाता-गाडीच्या भागांवर बांधलेली गाडी यात बसत नाही आणि तिला बसवावं अशी आमची मागणीही नाही. जीपच्या चासीवर फायबर चढवून 'व्हीए' मागणं म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ सोन्याच्या भावात खपवणं. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, खासगी असताना गाडी वरातीला भाड्याने फिरवणं हाही गुन्हाच. त्याची वकिली आम्हाला करायची नाही.

पण मग या गाडीने जायचं कुठे? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून आरसीवर 'जीप, पेट्रोल' तसंच राहतं आणि आत मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन घरघरत असतं. नूतनीकरणाच्या दिवशी निरीक्षक चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात, हॉर्न वाजवून बघतात, काम संपतं. खरी तपासणी इथून सुरू व्हायला हवी.

सगळ्यात महत्त्वाचा फरक असा. जीपला शिडीसारखी वेगळी चासी असते. बॉडी बदलली तरी नंबर चासीच्या लोखंडावरच राहतो. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरला अशी वेगळी चासी नाही, बॉडी हीच त्यांची चासी. ती बॉडी भंगारात गेली की ओळखही गेली. मग कुणीतरी नंबराचा पत्र्याचा तुकडा कापून नव्या पाइपच्या सांगाड्यावर वेल्डिंगने बसवतं. नंबर खरा, गाडी खोटी. हे पकडायला यंत्र लागत नाही. नंबराभोवतीचा रंग खरवडा. चौकोनी वेल्डिंगची कड दिसली, पुटी निघाली किंवा एका आकड्याची खोली बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटली, तर तिथेच थांबा. ग्राइंडरने घासलेला आकडा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून बऱ्याचदा परत उठवता येतो.

कोणता भाग कुठल्या गाडीचा, हे नटबोल्टांचे आटे सांगतात. फियाटचे नटबोल्ट मिलिमीटरचे, जीप आणि अॅम्बेसेडरचे बहुतेक इंचाचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्या नटावर 13 चा पाना बसतो, पण किंचित सैल. दोन-तीनदा जोर लावला की नटाच्या कडा गोल होतात. एकाच गाडीत पुढे गोल झालेले नट आणि मागे शाबूत नट दिसले तर समजावं, पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या घरचा आहे. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ठाऊक नसलेला पोरगा पाइप लावून ओढतो आणि स्टड मोडतो.

मागचा एक्सल ओळखायचा तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचं एकच चाक जॅकवर उचला. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) खडूने खूण करा. चाक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त, म्हणजे 5.38 आली, तर एक्सल जुन्या सीजे-3बी जीपचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आरसीत लिहिलेली गाडी मागून तरी खरी आहे का ते कळतं. शाफ्ट आणि चाकाच्या फेऱ्यांचं हे गुणोत्तर बदललं की स्पीडोमीटरही खोटं बोलतो, हे वेगळंच.

आता जीव जाण्यासारखी गोष्ट. सीजे-3बीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 80 इंचांचं अंतर असतं. लांब बॉनेटचा रुबाब हवा म्हणून चासी मधोमध कापून तुकडा घालतात. सरळ काप घेऊन कडेला कड जोडलेलं वेल्डिंग वरून घासून, रंगवून अगदी साफ दिसतं. पण दोन एक्सलांच्या मध्ये वजन खाली दाबतं, त्यामुळे चासीच्या खालच्या पट्टीवर ताण येतो आणि तडा खालून सुरू होतो. म्हणून निरीक्षकांनी वरून नव्हे, खड्ड्यात उतरून बॅटरीच्या उजेडात खालची पट्टी पाहावी. काप पायरीसारखा हवा आणि आतून लांब पट्टी मारून जोड पक्का केलेला हवा. पट्टी नसेल तर गाडी नापास. यात दयामाया नको.

ब्रेकचंही तेच. जुन्या दाता-गाड्यांत बहुधा एकच ब्रेक लाइन असते. एका चाकाच्या सिलेंडरचा रबर कप फुटला की चारही ब्रेक गेले. वर फायबरची बॉडी हलकी, त्यामुळे मागचं वजन घटतं आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. दोन लाइनींचा मास्टर सिलेंडर बसवणं हा बेकायदा बदल न मानता सुधारणा म्हणून नोंदवावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदललंच पाहिजे.

देखभालीबद्दल थोडंच लिहितो, कारण मिस्त्रींना ते माहीत आहे. फक्त मराठवाड्यात दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत. बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नये. त्याचे क्षार नळ्यांत थर धरतात आणि एप्रिलच्या 42 अंशांत, वरातीच्या चालीने जाताना इंजिन उकळतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घालावं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुने रबरी पाइप मऊ करतं आणि कार्बोरेटरमध्ये कचरा सोडतं. इथेनॉलला टिकणारा पाइप घ्यावा. उन्हात गाडी थांबवून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर पेट्रोलची लाइन सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्यावी आणि कार्बोरेटरखाली उष्णता अडवायला बेकेलाइटची जाड चकती घालावी.

आणि अर्थिंग! फायबरमधून वीज जात नाही. लोखंडी बॉडीच्या सवयीने प्रत्येक दिव्याला एकच तार ओढली की हेडलाइट मिणमिणतात, इंडिकेटर दिला तर टेललाइट लुकलुकते. प्रत्येक दिव्याची वेगळी अर्थ वायर चासीपर्यंत आणि इंजिनापासून चासीला जाड पट्टी हवी. दिवा पेटवून मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या होल्डरला, दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकाला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थ खराब. तपासणी केंद्रावर हे सहज होऊ शकतं.

साहेब, नियम दिल्लीचे हे आम्हाला कळतं. तपासणीचा कागद मात्र आपल्या खात्याचा आहे. एक 'भाग-पत्रक' काढावं. त्यात चासी, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा एक्सल, प्रत्येकाचा नंबर, मूळ गाडी आणि फोटो असावा, आणि ते आरसीच्या फायलीला जोडावं. दाता-गाडीची आरसी रद्द केल्याचा दाखला त्याला जोडणं बंधनकारक करावं, म्हणजे एका नंबरवर दोन गाड्या धावणार नाहीत. ज्याची बॉडी हीच चासी होती, अशा गाडीचा नंबर नव्या सांगाड्याला कधीच देऊ नये. तिथे परिवहन कार्यालयाने स्वतः नवा नंबर ठोकून द्यावा.

जुन्या नोंदींचा प्रश्न मराठवाड्यात जरा किचकट आहे. 1956 पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो. पुढे 1981 ला जालना, 1982 ला लातूर, 1999 ला हिंगोली जिल्हा झाला. त्यामुळे लातूरच्या गाडीचं मूळ रजिस्टर धाराशिवला आणि हिंगोलीच्या गाडीचं परभणीला शोधावं लागतं. मालकाला या दारातून त्या दारात पाठवण्यापेक्षा 'बी एक्स्ट्रॅक्ट', म्हणजे नोंदणीचा उतारा, कार्यालयांनीच एकमेकांकडून मागवावं. छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड इथे महिन्यातला एक दिवस या गाड्यांसाठी ठरवावा. त्या दिवशी खड्डा, जॅक आणि बॅटरी असावी, आणि खाली उतरायला तयार असलेला एक निरीक्षक.

एवढं झालं नाही तर या गाड्या जालन्याच्या पोलाद भट्ट्यांत जातील किंवा खोट्या नंबरांवर धावत राहतील. दुसरंच आधी होईल असं आम्हाला वाटतं, कारण ते स्वस्त पडतं.

आपले,
मराठवाड्यातले जुन्या गाड्यांचे मिस्त्री आणि मालक