पद्मिनीचं मडगार्ड कापण्याआधी पाटे तपासा

संपादक महोदय,

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तरी घरगुती पद्मिनी आणि त्याआधीच्या फियाट अकराशे अजून बऱ्याच दारांत उभ्या आहेत. हौसेने त्या पुन्हा रस्त्यावर आणल्या की एक तक्रार हमखास येते: मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो. त्यावर गॅरेजात ठरलेले उपाय दोन. मडगार्डची आतली कड ग्राइंडरने उडवायची, नाहीतर मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांत, म्हणजे पाट्यांत, एक जादा पाटा टाकायचा. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ती कड शोभेची नाही. आतला आणि बाहेरचा पत्रा स्पॉट वेल्डिंगने तिथे जोडलेला असतो. ती कापली की जोड उघडा पडतो आणि चाकाने उडवलेला चिखल थेट आत जाऊन बसतो. शिवाय पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे शॅसी (खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं. जादा पाट्याने गाडी उचलली जाते खरी, पण पद्मिनीला वेगळी शॅसी नाही. पाटे जिथे टांगलेले असतात ते हँगर बॉडीच्याच पत्र्यावर आहेत. कडक पाट्याचा प्रत्येक दणका त्या जुन्या पत्र्यावर जातो.

टायर नेमका कुठे घासतो, ते आधी बघावं. कडेच्या आतल्या अंगाला ओला चुना फासून, वाळल्यावर माणसं बसवून गाडी फिरवून आणावी. चुना कुठे पुसला ते दिसतंच. खड्ड्यात दोन्हीकडे घासत असेल तर पाटे बसलेले, म्हणजे दबून सपाट झालेले आहेत किंवा चाक फार वर येऊ नये म्हणून लावलेले बंप रबर झडलेत. फक्त वळणावर घासत असेल तर पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश झिजलेत. सरळ रस्त्यावरही एकाच बाजूला घासत असेल तर एक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) जागेवरून सरकलाय.

मग मोजमाप. गाडी रिकामी, जमीन सपाट, हवा बरोबर. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची उंची घ्यावी. १० मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे एका बाजूचा पाटा बसला. बहुधा उजवा, कारण ड्रायव्हर एकटाच फिरत असतो. त्यानंतर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत टेप लावावी. व्हीलबेस २३४० मिमी आहे. दोन बाजूंत पाच-सहा मिमीहून अधिक तफावत निघाली तर पाट्यांना मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर संशय घ्यावा. त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि एक्सलला जागेवर धरतं. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा झटका त्यावर येऊन तो कापला जातो. शेवटी कडेवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर दोन्हीकडे बघावं. बाकी मापं जुळूनही इथे फरक आला तर पत्र्याला लोहचुंबक लावून पाहा. ते चिकटलं नाही तर तिथे जुना अपघात जाड पुट्टीखाली दडलेला असतो.

कित्येकदा गुन्हेगार टायरच असतो. मूळ माप ५.२०-१४, म्हणजे रुंदी साधारण १३२ मिमी. १५५/८० आर १४ सहसा निभावतो. अलॉय रिमवर १८५ चा टायर चढवला की रुंदी ५३ मिमीने वाढते, म्हणजे प्रत्येक अंगाला २६ मिमी, आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे आत-बाहेर बैठक, चुकली तर आणखी. तिथे पाट्यांना दोष देऊन उपयोग नाही.

पाटे काढताना घोड्या (गाडी पेलणाऱ्या लोखंडी तिवया) बॉडीखाली लावाव्यात आणि एक्सलला वेगळा जॅक द्यावा. यू-बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजावं. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते ताणलेले असतात. हँगरभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघावा. कोकणातल्या आणि मुंबईच्या गाड्यांत तो इथेच कुजतो. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग, मगच पाटे.

बसलेले पाटे भट्टीत लाल करून वाकवून देणारे पुष्कळ आहेत. पुन्हा नीट पाणी दिलं नाही, म्हणजे तापलेला पाटा योग्य रीतीने थंड केला नाही, तर पोलादाचा ताव (लवचिक ताकद) जातो आणि काही महिन्यांत गाडी परत खाली बसते. स्प्रिंग स्टीलचा नवा सेट बनवून घ्यावा, दोन्ही बाजूंना एकदमच. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस चालतं, रबरी बुशला मात्र नाही. बुश साबणाच्या पाण्याने सरकवावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढे. गाडी घोड्यांवर असतानाच हँगरचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट करकचून आवळले जातात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. बोल्ट आधी नुसते हातघट्ट करावेत, चाकं जमिनीवर टेकवावीत, गाडी दोन-चार वेळा दाबावी आणि मगच शेवटचा पाना लावावा.

गाडी दाबून, हेलकावे मोजून शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) तपासण्यात अर्थ नाही. कडक पाटा स्वतःच हेलकावे दाबतो. शॉकअप काढून, उभा धरून हाताने ओढून बघावा. मध्येच पोकळ लागला किंवा तेलाने माखलेला असला तर जोडी बदलावी, आणि नवाही बसवण्याआधी उभ्यानेच चार-पाच वेळा दाबून हवा काढावी.

यू-बोल्ट आमनेसामने थोडेथोडे आवळावेत आणि साधारण पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवे पाटे एकमेकांत दबले की नट सैल पडतात.

— जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत असलेले काही वाचक, पुणे