आत्याच्या केसांना बांधलेली गॉजची पट्टी

डॉक्टर मॅडम,

नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुमची सरकारी नोकरी आहे, उद्या कोण कसला अर्थ काढेल सांगता येत नाही. पण वाचलं की तुम्हाला कळेल. आत्याला जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. घरचे म्हणतात, झालं गेलं, आता कशाला उकरतेस. उकरायचं म्हणून लिहीत नाही. तुमचे आभार मानायचे राहिलेत. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि नंतर प्रत्येक भेटीत तुम्हीच विषय बदललात.

आत्याला तुम्ही जिवंत कधी पाहिलं नाही, म्हणून आधी ती कशी होती ते सांगते. आम्ही निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, त्यामुळं शाळेला सुट्टी लागली की माझी रवानगी आत्याकडं, खानापूरच्या पुढं मलप्रभेच्या काठाला. तिला मूलबाळ नव्हतं. रोज दिवेलागणीच्या आत ती मला पायरीवर बसवायची, खोबरेल तेलाची वाटी मांडीशी घ्यायची आणि गुंता सोडवत बसायची. एक केस ओढला गेला तर स्वतःच "आई गं" म्हणायची. तिचे स्वतःचे केस कमरेच्या खाली होते. पिकले तरी अंबाडा एका मुठीत मावत नसे. परसातली अबोली केळीच्या दोऱ्यात ओवून ती त्यात खोवायची. काका गेल्यावर फुलं सोडली, पण केसांची निगा सोडली नाही. म्हणायची, "बाईच्या केसांवरनं घर कळतंय गं."

काका गेले आणि शेत दिराच्या मुलाच्या नावावर झालं. बक्षीसपत्र. त्या दिवशी मीही हजर होते, पेढा खाल्ला. आत्याला शेवटपर्यंत सांभाळायचं, हे वाक्य त्या कागदात घालायला हवं होतं हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात त्याची सोय आहे. अशी अट असेल आणि ती मोडली तर कागद रद्द करून घेता येतो. आत्या गेल्यावर मला हे कळलं.

ती पडली, खुबा मोडला, आणि तिथून ती उठलीच नाही. फोन केला की "झोपल्यात" एवढंच उत्तर यायचं. शिमग्याला मी गेले तेव्हा ती गोठ्यालगतच्या खोलीत होती. तोंडाकडं बघितलं, हात हातात घेतला, चादर मात्र उचलली नाही. हे माझं मला माहीत आहे. कुणावर बोट ठेवायच्या आधी ते लिहिते.

पण नंतर मी फिरले हो मॅडम. एका डॉक्टरला घरी नेलं, त्यानं सलाईन लावलं, कूस न वळवता पैसे घेतले आणि म्हणाला, वय झालंय, आता असंच. एका ऑफिसात अर्ज घेऊन गेले तर आधी विचारलं, तुम्ही मुलगी आहात का? भाची म्हटल्यावर अर्ज परत, वर कन्नडातून लिहून आणा म्हणून सांगितलं. पोलिसांकडं गेले, तिथं ऐकायला मिळालं की घरातलं घरात मिटवा. या तिघांची नावं मी लिहिणार नाही. पण एवढं लिहिते की तिघांपैकी एकानं तरी उठून त्या खोलीपर्यंत जायला हवं होतं. प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण स्वतःहूनही अशा प्रकरणात हात घालू शकतं, १४५६७ नंबरवर फोन करता येतो, हे त्यांनी मला नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आषाढात फोन आला, गेली. मी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. पावसामुळं सगळ्यांना घाई. मी चादर उचलली. जे चार महिन्यांपूर्वी करायचं ते तेव्हा केलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ते पाहिलंय, मोजलंय, लिहिलंय. मी म्हणाले, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय उचलायची नाही. जमलेल्यांपैकी कुणीतरी बोललं, माहेरच्यांना आत्ता आठवण झाली काय. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

दवाखान्यात आणेपर्यंत ती "बॉडी" झाली होती. गाडीवाला बॉडी म्हणे, पंचनामा करणारे मयत म्हणत, कागदावर तिच्या नावाची जागा चुकलेल्या स्पेलिंगनं भरलेली. तुम्ही आलात आणि पहिल्यांदा विचारलंत, "अज्जीसोबत कोण आलंय?" कन्नडात अज्जी, आमच्यात आज्जी. त्या एका शब्दानं मला इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलं.

मग तुम्ही माझ्याशेजारी बाकावर बसलात. मला वाटलं, भांडण, मारहाण, जमीन हेच विचाराल. तुम्ही विचारलंत, "अक्का, अज्जीचे केस कोण विंचरायचं?"

मी सांगितलं, तीच. तुम्ही मान हलवलीत आणि वहीत लिहिलंत. त्या प्रश्नाचा अर्थ तुम्ही मला नंतर समजावलात. स्वतःला उठता येत नाही त्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. तशी जखम एका रात्रीत होत नाही. आणि केसांची जट झाली असेल, नखं वाढून वळली असतील, तर ती जखम कुणी बघितलीच नव्हती हे कळतं. म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर नुसता धक्का लागून काळंनिळं होतं, त्यावरनं घाईनं मारहाण ठरवू नये हेही तुम्ही सांगितलंत. तिला कुणी मारलं नव्हतं. तिला ठेवून दिलं होतं, एवढंच. शवविच्छेदनाच्या रिपोर्टात तुम्ही "वार्धक्य" लिहून मोकळ्या झाला असतात तर कुणी विचारलं नसतं. तुम्ही जखमांची लांबीरुंदी लिहिलीत, वजन लिहिलंत, केसांबद्दलही एक ओळ लिहिलीत. आणि पंधरा दिवसांनी मी आले तेव्हा तो कन्नड कागद ओळीवर बोट ठेवून तोडक्यामोडक्या मराठीत मला वाचून दाखवलात. बाहेर ओपीडीची रांग होती. एका शब्दाला मराठी सापडेना तर तुम्ही स्वतःच्या टाचेला हात लावून दाखवलंत.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय ती याच्याही आधीची आहे. संध्याकाळी आत्याला आमच्या ताब्यात दिलं तेव्हा तिचे केस विंचरलेले होते. सकाळी मी पाहिलेली ती जट सुटली होती. टाके झाकले जातील असे केस मागं घेतलेले, खाली छोटा अंबाडा, आणि त्याला गॉजची पांढरी पट्टी बांधलेली. मला वाटलं दवाखान्यातल्या मदतनीस मामांनी केलं असेल. मी त्यांच्या हातात शंभराची नोट द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "मी नाही ताई, मॅडमनी. सगळे कागद, फोटो झाल्यावर. आपल्या पर्समधला कंगवा काढला, अर्धा तास बसल्या. घरी जायला उशीर झाला त्यांना."

अर्धा तास. त्या केसांना शेवटचा हात कुणी कधी लावला होता, देव जाणे. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात नाही, कुणी बघत नव्हतं. तुम्ही मला कधी बोलूनही दाखवलं नाहीत. आत्या माझ्या केसांपायी जशी बसायची तशी तुम्ही तिच्यापायी बसलात. मी तिला तशीच न्हाऊ घातली, पट्टी सोडली नाही. ती पट्टी तिच्याबरोबर गेली.

तुम्ही तिथंच थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण श्रावण संपता संपता तुमचा फोन आला, "अक्का, एक बैठक घेऊया. कुणाला शिक्षा करायला नको. कुठं कुठं हुकलं ते बघूया." मला काही उमगलं नाही. तेव्हा तुम्ही सांगितलंत की बाळंतीण दगावली की आपल्याकडं २०१० पासून तिच्या मृत्यूची फेरतपासणी होते. घरी जाऊन विचारतात, कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी मिळाली, कुठल्या दवाखान्यानं परत पाठवलं. मग जिल्ह्याला बैठक बसते. म्हाताऱ्या माणसासाठी तसा कागद आपल्याकडं नाही. अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियानं २००१ मध्ये कायदा करून तिथल्या काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, अशी पथकं नेमायची मुभा दिली. पोलीस, सरकारी वकील, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, वृद्धांच्या संरक्षणाचं खातं असे सगळे एका टेबलाशी बसतात आणि मेलेल्या माणसाचे शेवटचे महिने मागं मागं उलगडत नेतात. अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेनं २००५ मध्ये त्याची मार्गदर्शिकाच काढली. इंग्लंडात तर २०१४ च्या कायद्यानं, छळानं किंवा हेळसांडीनं असा माणूस गेला आणि यंत्रणांनी मिळून नीट काम केलं नाही अशी शंका असली, तर फेरतपासणी सक्तीचीच केली. अमेरिकेतल्या त्या टेबलाशी बोललेलं गुप्त राहतं, म्हणून माणसं खरं बोलतात, असं तुम्ही म्हणालात.

आपल्याला कायदा नव्हता, टेबलही नव्हतं. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पाच खुर्च्या, रविवारची दुपार, आणि बाळंतिणींच्या फॉर्मवरनं तुम्ही हातानं आखलेला एक कागद. पेन्शन, रेशन, पोस्ट, औषध, पंचायत, ज्या ज्या कामानं आत्याच्या दारात कुणी आलं असेल त्यांना तुम्ही बोलावलंत. सगळे आले नाहीत. आले त्यांना सांगितलंत की इथलं बाहेर जाणार नाही, म्हणून कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही. फक्त आशाताईंनी स्वतः सांगितलंय, माझं लिही म्हणून. त्या तीनदा दाराशी गेल्या होत्या. तिन्ही वेळा "झोपल्यात" ऐकून परत फिरल्या. म्हणाल्या, "माझ्या वहीत पोटुशी बाई आहे, लसीचं बाळ आहे, बीपी-शुगर आहे. म्हातारीची पाठ बघायचा रकाना नाही. रकाना असता तर मी हट्ट करून आत शिरले असते." आणि रडल्या. तुम्ही त्यांना पाणी दिलंत. मग कागदाच्या तळाशी आडवी रेघ मारून रकाना आखलात आणि वर लिहिलंत, पाठ पाहिली का. आधी कन्नडात, आणि त्याखाली देवनागरीत, लहान मुलासारख्या अक्षरात.

मला त्या बाईचा राग येत होता तोवर. तिथून उठले तेव्हा नव्हता. त्या दारातनं परतलेल्यांत मीही होते ना.

आमच्या सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत आहे यावरनं गाड्यांवर दगड पडतात, १९५६ पासूनची जखम आहे ही, आणि मी काही त्यातनं वेगळी नाही. कागद मराठीतून मिळावा असं मला आजही वाटतं, तो आमचा हक्क आहे. तुम्हालाही मी हे तोंडावर सांगितलंय आणि तुम्ही "बरोबर आहे अक्का" म्हणालात. पण आत्याच्या बाबतीत ज्यांनी मला हाकललं त्यातले दोघे माझ्याच भाषेत बोलत होते, आणि जिनं तिचे केस सोडवले तिला मराठीत "जट" हा शब्द माहीत नव्हता. तुम्ही सांगितलं होतंत, तुमच्या गावालाही मलप्रभाच, फक्त खूप खाली, सौंदत्तीच्या अंगाला. आत्या ज्या नदीवर धुणं धुवायची तेच पाणी. नेटकेपणानं, मनापासून काम करणारी माणसं अजून आहेत, ती फक्त आपल्या घरापासून जरा खाली राहतात, असं मला त्या दिवसापासून वाटत आलंय.

कोर्टातल्या केसचं व्हायचं ते होईल. तारखा पडतात, मी जाते. त्या गावात आता आशाताई पाठ बघतात, तो हातानं आखलेला कागद झेरॉक्स करून वहीला टाचलाय. दोन घरांत त्यांनी वाद घालून चादर उचलली. एका आजोबांना वेळेत दवाखान्यात आणलं, टाचेची जखम भरतेय. हे तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल की नाही माहीत नाही, म्हणून मी कळवते.

आणखी एक. तुमचा तो कंगवा तुम्ही परत नेला नाहीत असं मामा म्हणाले. मी खडे बाजारातनं एक घेऊन ठेवलाय, लाकडी, बारीक दातांचा, आत्या वापरायची तसा. येत्या बुधवारी ओपीडी संपल्यावर येते. परसातली अबोली यंदाही फुललीय, तीही थोडी आणीन. या वेळी विषय बदलू नका.

तुमची,
निपाणीची अक्का