जुन्या रायफलीची किंमत मोबाइलच्या फोटोवरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धातली थ्री नॉट थ्री परदेशात लाखोंना विकली जाते, तेव्हा घरातली जुनी हत्यारे जपून ठेवा, अशा आशयाची बातमी आपल्या अंकात नुकतीच वाचली. जपून ठेवा हे ठीक. पण लाखोंचा आकडा छापल्यावर काय होते ते मी इथे गावात पाहतो आहे. मी लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागात आर्मरर, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणारा होतो, निम्मी नोकरी कोत (हत्यारांची कोठी) आणि वर्कशॉपमध्ये गेली, हे आसपासच्या गावांत ठाऊक असल्याने लोक मोबाइल घेऊन दारात येऊ लागले. ‘काका, सन १९१८ आहे बघा, किती येतील?’

एकाने तर फोटो काढण्याआधी रायफल पॉलिश पेपरने घासून स्टीलच्या तांब्यासारखी लख्ख केली होती. बटावरचे शिक्के गेले, लोखंडावरचा काळा थर गेला, आणि वर लाकडाला फर्निचरचे चकचकीत व्हार्निश! संग्राहकाच्या लेखी त्या हत्याराचा जो काही भाव होता, तो त्या अर्ध्या दिवसात संपला. घरचे मात्र खुशीत.

सन जुना म्हणजे दाम मोठा, हा पहिला गैरसमज. थ्री नॉट थ्री म्हणजेच ली-एन्फिल्ड, आणि या रायफली लाखांनी तयार झाल्या. त्यांचे कारखाने इंग्लंडमध्ये एन्फिल्ड आणि बीएसए, ऑस्ट्रेलियात लिथगो, आपल्याकडे बंगालमध्ये इशापूर. बोल्टच्या मुठीखाली, बट जिथे लोखंडाला बसतो त्या कड्याच्या उजव्या अंगाला मुकुट, कारखान्याचे नाव, सन आणि मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, ठोकलेला असतो. लोक एवढेच वाचतात. ते सन बॉडीचे, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या लोखंडी सांगाड्याचे. नळीवर तिचे स्वतःचे सन वेगळे असते, आणि १९१८च्या बॉडीवर १९४०नंतरची नळी मी कितीतरी वेळा पाहिली आहे. मग ती रायफल नेमकी कधीची म्हणायची?

जाणकार आधी नंबर बघतो. बॉडीवरचा नंबर, नळीवरचा, बोल्टच्या मुठीच्या मागचा, साइटच्या पट्टीच्या पोटातला, पुढच्या लोखंडी टोपीवर संगीन अडकते तिथला. हे सगळे एक असले तर भाव चढतो. एक जरी वेगळा निघाला तरी उतरतो, आणि खोडून नव्याने ठोकलेला दिसला तर आणखी उतरतो. आता गंमत अशी की खोडून नव्याने ठोकणे हेच आमचे काम होते. बोल्ट झिजला की दुसरा बसवायचा, .०६४ इंचाच्या गेजवर बंद होतो का आणि .०७४च्या गेजवर अडतो का ते पाहायचे, जमला की जुना नंबर खोडून रायफलीचा नंबर त्याच्यावर ठोकायचा. जवानाच्या तोंडासमोर काडतूस फुटू नये म्हणून हे करायचे. आम्ही जिला तंदुरुस्त म्हणून पास केली, तिला संग्राहक दुय्यम मानतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण मला विचाराल तर कारखान्यातून पूर्ण दुरुस्त होऊन आलेल्या रायफलीवरचा ‘एफटीआर’ आणि त्यापुढचे सन मला कोऱ्या रायफलीपेक्षा जास्त बोलके वाटते. बाजार माझ्या मताने चालत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुर्मीळ काय, हे बारीक गोष्टींवरून ठरते. मार्क थ्रीला सुरुवातीला मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसे अडवून धरणारी पट्टी) आणि लांबच्या फैरींसाठी डाव्या बाजूला व्हॉली साइट असे. १९१६मध्ये युद्धाच्या घाईत उत्पादन वाढवायचे म्हणून हे भाग गाळले आणि मार्कच्या पुढे चांदणी आली. जुन्यांचेही हे भाग पुढे दुरुस्तीत निघत गेले. त्यामुळे दोन्ही शाबूत असलेली मूळ मार्क थ्री मिळाली तर संग्राहक तिच्यासाठी हात सैल सोडतो. शेजारी ठेवलेली चांदणीवाली त्याहून बरीच कमी किमतीला जाते. नंबर फोर या नंतरच्या नमुन्याची स्नायपर, जिला ‘टी’ म्हणतात, ती त्याहून पुढची. कारखान्यातून निवडून काढलेल्या अचूक रायफली हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूक कंपनीकडे जात आणि तिथे त्यांना दुर्बीण बसे. दुर्बिणीचा नंबर बटाच्या मानेवर ठोकलेला असतो आणि रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या कंसावर. दोन्ही जुळले तर हजारो डॉलर, न जुळले तर वादाला तोंड. नकली ‘टी’ बनवणारेही याच शिक्क्यांवर हात साफ करतात.

मुलगा ओहायोत असतो. तिकडे गेलो असताना त्याने मला हत्यारांच्या एका जत्रेत नेले. टेबलांवर मांडलेल्या रायफलींमध्ये इशापूरचा शिक्का दिसला तेव्हा काय वाटले ते सांगता येणार नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर आपण ७.६२च्या काडतुसासाठी बनवलेली टू-ए-वन रायफलसुद्धा होती, काळ्या रंगासकट. किंमत काही शे डॉलर. लाख नव्हे, लाखोही नव्हे. पलीकडे एक ‘जंगल कार्बाइन’ मात्र चांगली महाग लावली होती. परदेशी पाहुण्याने हत्यार हाताळण्याचे तिथले नियम निराळे, म्हणून मी हात पाठीमागे बांधूनच उभा होतो. मुलाला म्हटले, त्यांना वरचे लाकूड काढून दाखवायला सांग. विक्रेता सज्जन, त्याने काढले. असली जंगल कार्बाइन, म्हणजे नंबर फाइव्ह, १९४४ ते १९४७ या काळातली. वजन कमी करण्यासाठी तिच्या नळीच्या मुळाशी आणि बॉडीवर लोखंड कोरून काढलेले असते. इथे नळीचे मूळ भरीव, जसेच्या तसे. म्हणजे नंबर फोर कापून, नळीच्या तोंडाला ज्वाला झाकणारे नरसाळे लावून तयार केलेली. विक्रेत्याने चिठ्ठीवरचा आकडा तिथल्या तिथे खोडला. बाहेरून काढलेल्या कुठल्याच फोटोत हे दिसले नसते.

नळीचेही तसेच. आपल्या खडकीच्या कारखान्यातली ‘केएफ’ छापाची काडतुसे कित्येक वर्षे अशा टोपीची (ठिणगी देणाऱ्या प्रायमरची) होती की फायरनंतर नळीत क्षार राहत. संध्याकाळी उकळते पाणी ओतून नळी धुतली नाही तर आतली आटी गंजून जात. बाहेरून नवी कोरी आणि आतून चाळण, अशा रायफली मी उजेडाकडे धरून पाहिल्या आहेत. उलटही होते. पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची दोरी चिंदी लावून रोज तिरकी ओढणाऱ्या शिस्तीच्या जवानाने नळीचे तोंडच अंडाकृती केलेले असते. काडतूस उलटे धरून त्याच्या गोळीचे टोक नळीच्या तोंडात घालून ती किती आत जाते ते बघायचे, काडतुसाची कड तोंडाला टेकली तर नळी गेली असे समजायचे. हे फक्त जाणत्याने करायचे.

हे सगळे अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले झाले. आपल्याकडे .३०३ हा लष्करी बोअर (नळीचे माप), म्हणजे प्रतिबंधित. त्याचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाही, गृह मंत्रालयाकडे जावे लागते. शिकारीसाठी .३१५ची रायफल आपल्या कारखान्यांनी याच ली-एन्फिल्डच्या बांध्यावर काढली, ती म्हणूनच. त्यातून शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि वारसाने आलेले हत्यारही त्यातच मोजतात. मग परदेशातला भाव इथल्या माळ्यावरच्या रायफलीला लावायचा कसा? घ्यायला कोण येणार, आणि कुठल्या कागदावर?

माझ्याकडे आलेल्यांपैकी एकाच्या चुलत्यांच्या नावावर जुना परवाना होता. चुलते वारले, परवान्याचे पुढे काय झाले ते घरात कोणालाच माहीत नाही, आणि पुतण्याने मात्र रायफलीचा फोटो भाव विचारत दहा ग्रुपवर टाकला होता. परवानाधारक गेला की हत्यार विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते, मग वारसाने अर्ज करायचा. त्याला मी आधी फोटो काढून टाकायला लावले आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात पाठवले. वापरता येणार नाही आणि दुरुस्तही होणार नाही अशा, केवळ पुराणवस्तू म्हणून उरलेल्या हत्याराला कायद्यात सूट आहे. पण ते तसे आहे की नाही हे घरमालकाने ठरवायचे नसते. आमच्याकडे एनसीसीच्या डीपी रायफली, म्हणजे फक्त कवायतीच्या, नळीला भोक पाडून निकामी केलेल्या असत. घरातल्या बहुतेक रायफली तशा नसतात.

तेव्हा विनंती एवढीच की त्या बातमीतला आकडा कुठल्या रायफलीचा, कुठल्या देशातल्या विक्रीतला आणि कोणत्या अवस्थेतला, हे आपल्या बातमीदाराकडून विचारून छापावे. आणि त्याच जागी, ज्यांच्या घरी असे हत्यार आहे त्यांनी ते घासू नये, रंगवू नये, जवसाच्या तेलाचा बोळासुद्धा परवाना तपासल्यावरच फिरवावा, आणि फोटो कुठेही टाकू नये, हेही छापावे. माझ्या दारात येणाऱ्यांना मी सांगतोच आहे, पण माझे ऐकणारे पाच-दहा, तुमचे वाचणारे कितीतरी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त हवालदार (आर्मरर), कोरेगाव, जि. सातारा