कलम २७ आणि चार्ल्स्टनचा कैदी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

प्रत्यर्पणावर, म्हणजे फरारी आरोपी दुसऱ्या देशाच्या हवाली करण्यावर लिहितोयस, तर सुरुवात अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या ‘जे करारा’च्या २७व्या कलमापासून कर. अमेरिकेचे दूत जॉन जे यांनी १९ नोव्हेंबर १७९४ रोजी लंडनला त्यावर सही केली. करारातल्या व्यापारावर आणि किल्ल्यांवर सगळेच लिहितात, या कलमाकडे फार कोणी फिरकत नाही. खून आणि बनावटगिरी, एवढ्या दोनच गुन्ह्यांतले फरारी सोपवायचे. अट एकच: माणूस जिथे सापडला तिथल्या कायद्याने त्याला अटक करून खटल्यासाठी डांबता येईल इतका पुरावा हवा.

पुरावा तपासायचा कोणी, न्यायाधीशाने की राष्ट्राध्यक्षाने, हे मात्र लिहिलंच नाही. अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसनेही त्यासाठी कायदा केला नाही. १७९९ मध्ये तेच नडलं. ब्रिटिश युद्धनौका ‘हर्मायनी’वर सप्टेंबर १७९७ मध्ये बंड झालं, कप्तान पिगॉट मारला गेला. त्या बंडातला म्हणून थॉमस नॅशला अमेरिकेत चार्ल्स्टनला धरलं. तो म्हणे, मी अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा जोनाथन रॉबिन्स, इंग्रजांनी जबरदस्तीने जहाजावर चढवलेला. राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांचा निरोप न्यायाधीश बी यांच्याकडे गेला: पुरावा पुरेसा असेल तर सोपवा. ज्युरी बसलीच नाही. ऑगस्टमध्ये जमैकात फाशी! काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात सदस्य एडवर्ड लिव्हिंग्स्टन यांनी ॲडम्सना धारेवर धरलं, पण दुसरे सदस्य जॉन मार्शल यांच्या भाषणापुढे त्यांचा निषेधाचा ठराव टिकला नाही.

खरी गोम शिक्षेत आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने १७९४ मध्येच खुनाचे दोन दर्जे पाडले आणि फाशी पहिल्यापुरती ठेवली. न्यूयॉर्कनेही १७९६ मध्ये फाशीचे बहुतेक गुन्हे काढून टाकले. तेव्हा गव्हर्नर कोण, तर हेच जे! इंग्लंडात मात्र बनावटगिरीला फास. म्हणजे न्यूयॉर्कला तुरुंगात जाणारा बनावटगिऱ्या इंग्रजांच्या हाती दिला की लटकणार. पुराव्याचं माप इथलं, शिक्षेचं तिथलं.

याच दोन देशांच्या १८४२ च्या करारात गुन्हे सात झाले, आणि १८४८ च्या अमेरिकी कायद्याने आधी न्यायाधीश, मग परराष्ट्रमंत्री हा क्रम ठरला. लिव्हिंग्स्टन यांनी पुढे लुइझियाना राज्यासाठी फाशी वगळून दंडसंहिता रचली. १८२४ मध्ये हस्तलिखित जळालं, तरी पुन्हा लिहून काढली. लुइझियानाने ती स्वीकारली नाही, पण मेकॉलेने हिंदुस्थानच्या दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यासाठी ती समोर ठेवली होती. २०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या भादंविचं (भारतीय दंड विधान) मूळ तोच मसुदा, तेव्हा तुझ्या लेखात लिव्हिंग्स्टनच्या संहितेला एक परिच्छेद दे.

तुझा,
अविनाश