आई, मला कुणी काही बोललं नाही

छत्रपती संभाजीनगर
मार्गशीर्ष, गुरुवार

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र सोमवारी मिळालं. आईचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. दोघांचा प्रश्न एकच होता, आणि फोनवर मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. कुकर गॅसवर होता, पोराचा गृहपाठ समोर होता, सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं होतं. म्हणून आज सगळे झोपल्यावर शांतपणे लिहायला बसले आहे.

आई, आधी तुझं. तू विचारलंस, "कामून बंद केलंस गं? सासरी कोणी काही बोललं का?" नाही. मला कुणी काही बोललं नाही. सासूबाई तर उलट विचारतात, यंदा महाशिवरात्रीला त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत, आपल्या बारवेत, दिवे लावायला जायचं नाही का म्हणून. तुमच्या जावयांनी एकदाच विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटलं, त्यावर त्यांनी विषय वाढवला नाही. तब्येतीचंही काही नाही. बारवा बघायचं, मोजायचं, उपसायचं हे काम मी माझ्या मनानं थांबवलंय, पाडव्यापर्यंत. आणि ते मला नकोसं झालं म्हणून नव्हे, ते नकोसं होऊ नये म्हणून.

बाबा, हे वेड तुम्हीच लावलंत. लुनावर पुढे उभी करून तुम्ही मला वालूरला नेलं होतं. तेव्हा त्या बारवेत झुडपं माजलेली होती, आणि तरी गोल गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या पाहून मी तुमचा हात घट्ट धरला होता. पुढे गावकऱ्यांनी ती उपसून स्वच्छ केली, तेव्हा पेपरातलं कात्रण तुम्हीच पाठवलंत. पण मी खरी या कामात पडले ती २०१६च्या उन्हाळ्यानंतर. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते टँकरचे डबे टीव्हीवर पाहताना माझ्या डोक्यात एकच होतं: आपल्या मराठवाड्यात गावोगावी सात-आठशे वर्षांपूर्वी बांधलेल्या बारवा आहेत, आणि त्यातल्या कितीतरींमध्ये आपण कचरा टाकतोय. त्या काळच्या लोकांनी चुन्याशिवाय दगडावर दगड असे बसवले की अजून पायरी हलत नाही. खाली उतरायची वाट एकच असेल तर ती नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया, चार असतील तर विजया. हे सगळं शिकले तेव्हा मी तुम्हाला रात्री साडेदहाला फोन करून सांगितलं होतं, आणि आई मागून म्हणत होती, आता झोपू द्या की त्यांना.

सुरुवातीला मी फक्त बघायला जायची. रविवारी सकाळी डबा घेऊन निघायचं, बारवेत उतरायचं आणि बसून राहायचं. वरचं ऊन आणि खालचा गारवा यांच्यातला फरक तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच अंगाला कळतो. पारव्यांचा आवाज वेगळाच घुमतो. मग मी वहीत चित्र काढायला लागले, मापं घ्यायला लागले. आपल्या तालुक्यातल्या त्या लहान बारवेचा गाळ काढायचं ठरलं, आणि तिथून काम वाढत गेलं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला, एकाचे तीन झाले. वर्गणीचा हिशेब ठेवायला अकाउंट्सवाली मीच, दुसरं कोण ठेवणार? ग्रामपंचायतीला अर्ज, पुरातत्त्व खात्याला पत्र, पिंपळाची मुळं दगड न हलवता कशी काढायची याची चौकशी, गाळ न्यायला ट्रॅक्टर, पोरांना नाष्टा, फोटो, रील, पत्रकारांचे फोन, नकाशावर ठिकाण टाकणं. यातलं एकही काम वाईट नाही. सगळी लागतात, आणि ती करणाऱ्या पोरांवर माझा जीव आहे. पण ही कामं मी कधी करत होते? ऑफिसात, दोन व्हाउचरच्या मध्ये. पोळी तव्यावर असताना. पोराला पाढे म्हणायला सांगून.

तुम्हाला माझ्या नोकरीच्या तारखा पाठ झाल्यात. जीएसटीचं एक विवरणपत्र ११ तारखेला, दुसरं २० तारखेला. गेल्या पावसाळ्यात अशाच एका १९ तारखेला रविवार आला. मी बारवेत चौथ्या टप्प्यावर उभी होते. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं खाली एका पोराच्या. कानाला फोन, पलीकडे क्लायंट बिलाचा नंबर सांगतोय. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ट्रॅक्टर कितीला सांगू? मी तिघांनाही उत्तर दिलं. मापं बरोबर आली, बिल सापडलं, ट्रॅक्टरही वेळेवर आला. काही बिघडलं नाही. पण तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की हे लवकर आटोपलं तर बरं. आई, ज्या जागी तासन्तास बसायला मिळावं म्हणून मी आठवडाभर जीव टांगून असायची, तिथं उभं राहून मला ती जागा आटपायची घाई झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. ही गोष्ट आपण हातची घालवतोय, हे मला स्वच्छ दिसलं.

तू म्हणशील, बायकांना एका वेळी चार कामं कुठं नवीन आहेत? तू फोनवर म्हणालीसच, "आम्ही नाही का केली?" केलीस. मी ते रोज पाहिलंय. काटवटीत पीठ मळायचीस, एक भाकरी तव्यावर, एक चुलीच्या तोंडाशी फुगतेय, शेजारी वरण, आणि मी दाराशी बसून पाढे म्हणतेय. एकोणीसच्या पाढ्यात मी चुकले की तू मागे न बघता म्हणायचीस, "परत." मला वाटायचं आईला दहा डोकी आहेत. आता मला वाटतं की तुझे हात त्यांचं काम जाणत होते. भाकरी थापायला तुला विचार करावा लागत नव्हता, म्हणून डोकं मोकळं होतं आणि ते अख्खं माझ्या पाढ्यावर होतं. शिवाय चूल, तवा, मी, सगळं एकाच खोलीत, एकाच घरातलं. चुलीपाशी बसलेल्या तुला परगावाहून कुणी बिलाचा नंबर विचारत नव्हतं. माझी चारही कामं डोक्याची आहेत, चार वेगळ्या ठिकाणची आहेत, आणि प्रत्येकाला उत्तर आत्ताच्या आत्ता हवं असतं. तुझे कष्ट माझ्याहून जास्तच होते, त्याबद्दल मला शंका नाही. फक्त ती गोष्ट वेगळी होती.

बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला पुरावा लागतो. म्हणून थोडं वाचून काढलं. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंचा २००९ सालचा एक निबंध आहे. त्या म्हणतात की एक काम अर्धवट सोडून आपण दुसरं घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो, आणि दुसरं काम उरलेल्या लक्षावर होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी, एकाच वेळी बऱ्याच माध्यमांत गुंतणाऱ्या आणि तसं न करणाऱ्या लोकांची तुलना केली. मला वाटलं होतं, सवयीनं पहिले लोक तरबेज झालेले असतील. निघालं उलटंच. नको ती गोष्ट बाजूला सारण्यात ते कमी पडले, आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर वळण्यातही तेच मागे राहिले. हे वाचून मला घाबरायला झालं, खोटं कशाला बोलू. कारण बारव बघायला दुसरं काहीही लागत नाही, लक्षच लागतं. कुठला दगड नंतर बसवलाय, कुठली देवळी मूळची आहे, पाण्याची जुनी खूण कुठवर आहे, हे टेपनं कळत नाही. एका जागी बसून बघत राहिलं की दिसायला लागतं. माझ्या हातून तेच लक्ष निसटत चाललं होतं.

आता तुमचा मुद्दा. तुम्ही लिहिलंय, "छंद हा नेम असतो, नेम मोडू नये. एकदा सुटलं की सुटतं." बाबा, मला तुमचं म्हणणं पटतं, आणि तरीही मी तुमचंच उदाहरण देणार आहे. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही पेटी कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलीत. मग माझी दहावी, घराचं बांधकाम, दादाची नोकरी. शाळेतून येऊन शिकवण्या घ्यायचात, पेटीकडे बघायचातसुद्धा नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "वाजवायची तर नीट वाजवायची, नाही तर हात लावायचा नाही." निवृत्तीनंतर ती खाली काढली तेव्हा भात्याला उंदरांनी भोकं पाडली होती आणि चार-पाच सूर बसलेले होते. परभणीला नेऊन दुरुस्त करून आणलीत. पहिला महिना बोटं चालत नव्हती, तुमची चिडचिड व्हायची, हेही मला आठवतंय. पण आज एकादशीला भजनात तुम्ही बसता तेव्हा दुसरं काही करत नसता. चष्मासुद्धा काढून ठेवता.

म्हणजे ठेवून दिलेल्या गोष्टीला उंदीर लागतात, हे मला माहीत आहे. परत आल्यावर बोटं चालणार नाहीत, तेही माहीत आहे. ज्यांची पेटी कपाटावरून कधी खाली आलीच नाही असेही लोक आपल्या नात्यात आहेत. ही भीती मी उडवून लावत नाही. म्हणूनच मुदत घातली आहे, आणि ती सगळ्यांना सांगून ठेवली आहे. मध्येमध्ये थोडं थोडं चालू ठेव, असं दोघातिघांनी सुचवलं. ते मी मुद्दाम नाकारलं. थोडं थोडं, जमेल तसं, येता-जाता, याच रस्त्यानं मी इथवर आले होते. त्यापेक्षा पूर्ण बंद बरं.

काम मात्र उघड्यावर टाकलेलं नाही. वर्गणीचा हिशेब शेवटच्या पावतीपर्यंत लिहून दिलाय. मापांच्या वह्यांची झेरॉक्स पोरांकडे आहे. गाळाचं काम तसंही पाणी उतरल्यावर, उन्हाळ्यातच निघतं. महाशिवरात्रीचे दिवे गावातल्या मुली लावणार आहेत, आणि त्या माझ्याहून छान लावतील याची मला खात्री आहे. मी तिन्ही ग्रुपमधून बाहेर पडले तेव्हा त्यांच्यातली सर्वांत धाकटी फोन करून रडली. तिला समजावताना मला सगळ्यात जड गेलं.

तू विचारलंस, मग आता रविवारी करतेस काय? काही नाही गं. खरंच काही नाही. त्या जागी नवा क्लास लावलेला नाही. सकाळी उशिरा उठते. पोराला घेऊन सलीम अली सरोवराकडे एक चक्कर मारते, तो बगळे मोजतो. पहिले काही रविवार हात सारखा फोनकडे जायचा, बेचैन व्हायचं. आता तसं कमी होतंय. ऑफिसचं धावणं काही थांबलेलं नाही, ते माझ्या हातातही नाही. पण विवरणपत्र भरायला बसते तेव्हा फोन ड्रॉवरमध्ये टाकते आणि एका क्लायंटचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याची फाइल उघडत नाही. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, आता काही म्हणत नाहीत. मागच्या आठवड्यात पोरगा शाळेतली एक लांबलचक गोष्ट सांगत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आई, तू ऐकतेयस ना?" मी म्हटलं, ऐकतेय, पुढं? आणि खरंच ऐकत होते.

गंमत म्हणजे बारवा आता मला स्वप्नात दिसायला लागल्यात. इतकी वर्षं नव्हत्या दिसत. चारठाण्याची बारव अजून मी मनासारखी, निवांत बसून बघितलेली नाही. पाडव्यानंतर पहिली तिथंच जाणार, आणि एकटी. टेप न घेता. बाबा, गुडघे ठीक असतील तर तुम्ही चला. वर बसून राहिलात तरी चालेल.

संक्रांतीला येतेय. ११ तारखेचं काम उरकलं की सुट्टी टाकते, म्हणजे २० तारखेच्या आधी चार दिवस तरी घरी मिळतील. सकाळच्या गाडीनं निघू, सेलूला स्टेशनवर घ्यायला कुणी येऊ नका, थंडी फार असते, आम्ही रिक्षा करू. आई, हुरड्यासाठी काकांच्या रानात निरोप देऊन ठेव, आणि मला शेंगदाण्याची चटणी उखळात कुटलेली हवी, मिक्सरची नको. सासूबाईंसाठीही थोडी बांधून दे. बाबा, ग्रुपमधल्या पोरांना आधीच घरी बोलावून ठेवू नका. ती आली की विषय निघणार, आणि मग माझ्याच्यानं राहवणार नाही.

तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली होती, ती झाली का ते कळवा. आणि आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवा. इथून येताना दोन महिन्यांच्या घेऊन येते.

तुमची,
माई