थीम पार्कमधील लहान मुलांचा विभाग काढू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थीम पार्कमध्ये पाच-सहा वर्षांखालील मुलांसाठी राखलेला वेगळा विभाग ठेवावा, की ती जागा एखाद्या मोठ्या थरारक राईडला द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता पार्कचालकांच्या हिशेबाचा वाटतो. परंतु आपल्या नाशिकमध्ये सुट्टीची सहल म्हणजे आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळ्यांनी एकाच गाडीत दाटीवाटीने बसून जायचे, अशीच बहुतेक घरांची रीत आहे, आणि म्हणून या प्रश्नाचे उत्तर काहीही निघाले तरी ते आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचते. मी एकतीस वर्षे बालवाडीत शिकवले असल्यामुळे या विषयावर गप्प राहणे मला जमत नाही.

गेल्या मे महिन्यात मुलगी, जावई, साडेनऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू यांच्यासह आम्ही पहाटे नाशिकहून निघून एका थीम पार्कला गेलो होतो. पार्कचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे पाहिले ते थोड्याफार फरकाने इतरत्रही दिसते. पहिल्याच मोठ्या राईडच्या तोंडाशी रंगवलेला लाकडी जिराफ उभा होता आणि त्याच्या मानेवर १२० सेंटिमीटरची लाल रेघ होती. नातू त्या रेघेखाली जाऊन उभा राहिला, त्याने हळूच टाचा उचलल्या, मान ताणली. तिथे कामाला असलेल्या तरुणाने त्याच्या डोक्यावर तळहात आडवा धरला आणि "बाळा, अजून थोडा मोठा हो, मग ये हं," असे अगदी मायेने सांगितले. रेघ त्याच्या डोक्यापासून जवळजवळ वीतभर वर होती. दुसऱ्या राईडपाशी पुन्हा तेच घडले. तिसऱ्या राईडपाशी मात्र तो रेघेजवळ गेलाच नाही, आईचा हात धरून लांबच उभा राहिला.

त्या तरुणाचे काहीच चुकले नाही, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. मोठ्या राईडच्या आसनावरील पोटाशी येणारा दांडा किंवा खांद्यावरून खाली येणारी पकड मोठ्या शरीराच्या मापाने बनवलेली असते. लहान मूल त्या पकडीखालून सरकू शकते. शिवाय या वयात शरीराच्या मानाने डोके जड आणि मानेचे स्नायू कोवळे असल्यामुळे अचानक बसणारा हिसका त्याला झेपत नाही. उंचीची अट त्याच्या जिवासाठी आहे आणि ती कधीही सैल होता कामा नये. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यांप्रमाणे पाच वर्षांच्या मुलाची सरासरी उंची सुमारे ११० सेंटिमीटर असते आणि १२० सेंटिमीटरचा टप्पा मूल सातव्या वर्षाच्या आसपास गाठते. याचा अर्थ असा की, ज्या पार्कमध्ये मोठ्या राईड १२० च्या रेघेपासून सुरू होतात आणि लहानांचा विभाग नाही, तेथे पहिलीत न गेलेल्या जवळपास प्रत्येक मुलासाठी दिवसभर इतरांकडे पाहत उभे राहण्यापलीकडे काहीही उरत नाही. अट योग्य असल्यामुळेच त्या अटीखाली उरणाऱ्या मुलांची सोय करणे पार्कचे काम ठरते.

आमच्या त्या पार्कमध्ये ही सोय होती, पण ती अगदी मागच्या टोकाला, उपाहारगृहाच्या पलीकडे ढकललेली होती. सहापैकी दोन राईड दोरी बांधून बंद ठेवल्या होत्या. घोड्यांच्या चक्रीवरील एका घोड्याचा कान तुटला होता. वरचे हिरवे शेडनेट मधोमध फाटले होते आणि त्या फटीतून मे महिन्याचे ऊन थेट झुकझुक गाडीच्या पत्र्याच्या आसनांवर पडत होते. मी पिशवीतल्या पंच्याची दुहेरी घडी करून नातवाखाली घातली, तेव्हा कुठे तो टेकला. गाडीला सहा डबे होते आणि शेवटच्या डब्यात दोरी ओढून वाजवायची एक पितळी घंटा होती. त्या एका घंटेसाठी नातू सात वेळा रांगेत उभा राहिला. सकाळी लाल रेघेपासून दूर सरलेला हाच मुलगा आता रांगेतल्या अनोळखी मुलांना "मागचा डबा माझा आहे" असे ठणकावून सांगत होता. पाचव्या फेरीला नात मोठ्या राईडवरून परत आली आणि गुडघे छातीशी घेऊन त्याच्या शेजारी बसली. दिवसभरात दोघे भावंडे एकत्र बसली, ती एवढीच वेळ.

तेथील कर्मचाऱ्याशी बोलताना कळले की, हा कोपरा काढून तेथे मोठी राईड आणण्याचा विचार चालू आहे. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "इथे धंदा नाही, मावशी. लहान पोरांना तिकीट कमी, जागा मात्र भरपूर लागते."

हा युक्तिवाद मी नंतर आमच्या वसाहतीतही ऐकला, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. अगदी लहान मुलांना अनेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य किंवा सवलतीत असतो हे खरे आहे. लहान राईडमध्ये एका फेरीत फार मुले बसत नाहीत आणि प्रत्येकाला उचलून बसवणे, पट्टा लावणे, रडणाऱ्याला उतरवून घेणे यात चालवण्याइतकाच वेळ जातो, हेही मी स्वतः पाहिले आहे. पण चार वर्षांचा मुलगा पार्कला एकटा जात नाही. आमच्या नातवाच्या एका सवलतीच्या तिकिटामागे चार पूर्ण तिकिटे होती, दोन वेळचे खाणे होते, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि आठवण म्हणून घेतलेला एक फोटोही होता. घरातील सर्वांत लहान मूल दमले, कंटाळले, रडू लागले की सगळे कुटुंब फाटकाकडे वळते, हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. घंटेची गाडी नसती तर आम्ही दुपारी दोनलाच परतीला लागलो असतो. प्रत्यक्षात निघालो ते दिवे लागल्यावर. त्या कोपऱ्याची कमाई त्याच्या तिकीटखिडकीवर मोजली तर ती तोकडीच दिसणार.

ज्यांनी थीम पार्क ही कल्पना जगभर रुजवली, त्यांचा अनुभवही याच बाजूने बोलतो. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील घोड्यांच्या चक्रीवर आपल्या दोन मुली फेऱ्या घेत असताना ते बाकावर शेंगदाणे खात बसून राहत, आणि तेथे बसल्या बसल्या पालक व मुले यांना एकत्र रमता येईल अशी जागा असायला हवी, असे त्यांच्या मनात आले. पुढे १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. त्याच्या शेजारी ८ फेब्रुवारी २००१ रोजी कंपनीने दुसरे पार्क उघडले, तेव्हा मात्र याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. लहान मुलांना करण्याजोगे तेथे फारच थोडे आहे, अशी टीका सुरुवातीपासून झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००२ मध्ये, त्यांना लहानांसाठी 'अ बग्ज लँड' हा विभाग वाढवावा लागला.

या विभागाची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. माणूस किड्याएवढा झाला तर जग कसे दिसेल, या कल्पनेवर ती उभी होती. खाऊच्या एका अवाढव्य खोक्यातून आत शिरायचे, डोक्यावर क्लोव्हर या छोट्या रोपाची छत्रीएवढी पाने, बसायला आइस्क्रीमच्या काड्यांचे बाक, आणि स्वच्छतागृह म्हणजे कागदी रुमालांचा प्रचंड डबा. सुरवंटाच्या आकाराची संथ गाडी, फिरते ठिपकेदार किडे, पाण्यात भिजायची मोकळी जागा, अशा साध्या गोष्टी तेथे होत्या. पण आत पाऊल टाकताच बापही मुलाएवढाच लहान होऊन जाई, आणि म्हणून पालक तेथे पहारेकऱ्यासारखे कुंपणाबाहेर उभे राहत नसत. हा विभाग सप्टेंबर २०१८ मध्ये बंद झाला आणि त्या जागी जून २०२१ मध्ये चित्रपटांतील महानायकांचा (सुपरहिरोंचा) विभाग सुरू झाला. त्यात नव्याने उभारलेल्या राईडला उंचीची अट ठेवली नाही, एवढी दक्षता त्यांनी घेतली, तरी शांतपणे बसण्याची, भिजण्याची ती जागा गेली ती गेलीच.

याच्या उलट शेजारच्या मूळ डिस्नेलँडमध्ये घडले. तेथील 'मिकीज टूनटाउन' हा मुलांचा विभाग १९९३ चा. जवळजवळ तीस वर्षांत तोही जुना झाला होता. मार्च २०२२ मध्ये तो बंद करून वर्षभर त्याची डागडुजी केली गेली आणि मार्च २०२३ मध्ये तो पुन्हा उघडला, तेव्हा त्यात हिरवळ वाढवली होती, झाड व कारंज्याभोवती मुलांना मोकळेपणी बागडता येईल अशी जागा केली होती. महागड्या जमिनीवर व्यवसाय करणाऱ्या कंपनीने तिकिटाच्या पार्कात हिरवळीसाठी जागा राखली, ही गोष्ट आपल्याकडील चालकांनी अवश्य लक्षात घ्यावी.

आमच्याकडे यावर एक ठरलेले उत्तर मिळते: "लहानांना काय, बागेतली घसरगुंडी पुरे." घसरगुंडी हवीच, रोज हवी, घराजवळ हवी, आणि ती मोडकी असू नये. पण मोठी भावंडे जेथे दिवस घालवणार आहेत, तेथे लहानाला नेऊन "तुझी बाग घरी आहे" असे सांगता येत नाही. आपल्या कालिका देवीच्या नवरात्रातील यात्रेत मोठ्या आकाशपाळण्याच्या शेजारी लहान मुलांसाठी छोटे पाळणे मांडलेले असतात. ते मांडणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवलेले नसते. घरातील सगळे एकत्र आले आहेत आणि प्रत्येकाला त्याच्या मापाचे काहीतरी लागणार, हे त्याला ठाऊक असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर मूल शाळेत येत नाही म्हणून मुलाला दोष दिला नाही, शाळाच त्याच्या अंगणात नेली. बालवाडीत मी जे काही केले ते त्या वाटेने चालूनच केले, त्यामुळे मुलाच्या मापाची जागा काढून तेथे मोठ्यांच्या मापाची वस्तू आणण्याचा बेत ऐकला की मला मनापासून वाईट वाटते.

आता उरतो तो प्रश्न असा की, फाटके शेडनेट आणि कान तुटलेला घोडा असलेला कोपरा जसाच्या तसा ठेवावा काय? तसा ठेवू नये. तो दुरुस्त करावा, आणि त्याला फार मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही. सर्वांत आधी सावली हवी. नाशिक परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या आसनावर मुलाची मांडी भाजते. शेडनेटऐवजी पक्के छप्पर किंवा कडुनिंब, करंजासारखी दाट झाडे लावली तर पाच-सात वर्षांत प्रश्नच उरणार नाही. आसनांवर पत्र्याऐवजी लाकूड असावे. पालकांसाठी बाक हवेत, आणि ते कुंपणाबाहेर नकोत, आत हवेत. एसटीच्या स्थानकांवर असतो तसा हिरकणी कक्ष या विभागाला लागूनच हवा, कारण तान्ह्या बाळाची आई आज उपाहारगृहाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. मुलांच्या उंचीचे स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळही तेथेच असावा. दोन राईड कायमच्या बंद पडल्या असतील तर त्या खुशाल काढाव्यात आणि त्या जागी नुसती वाळू, पाणी व चढायला ओंडके ठेवावेत; चार वर्षांचे मूल त्यात तासभर रमते, त्याला मोटर लागत नाही की तिकीट तपासणारा लागत नाही. विभाग मागच्या टोकाला न ठेवता मोठ्या राईडच्या जवळ आणावा, म्हणजे आईवडिलांपैकी एकाने मोठ्या मुलाबरोबर जावे आणि दुसऱ्याने लहानाजवळ थांबावे, मग अदलाबदल करावी, हे सहज होते. त्या दिवशी माझे जावई एकाही राईडमध्ये बसले नाहीत, कारण नातवाला आणि मला उन्हात पार्कच्या दुसऱ्या टोकाला सोडून जाणे त्यांना पटेना.

सुट्टीत अशा पार्कना जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की, लहान मुलांच्या विभागात जे आवडले व जे खटकले ते त्यांनी तेथील अभिप्रायवहीत नाव-गाव घालून लिहावे. आम्ही घाईत तसे केले नाही, याची मला खंत आहे. आणि पार्कचालकांनी हा विभाग काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एखाद्या रविवारी दोन तास त्या झुकझुक गाडीजवळ स्वतः बसावे, एकेका मुलाबरोबर किती मोठी माणसे तेथे थांबली आहेत हे मोजावे, आणि मग हिशेब मांडावा. जाण्यापूर्वी त्या घंटेची दोरी तेवढी बदलून घ्यावी. ती मुठीजवळ झिजून सुताएवढी बारीक झाली होती, आणि आमच्या परतीच्या वेळी रांगेत अजून नऊ मुले उभी होती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक